दुसऱ्या पसंतीचा उमेदवार

माझ्या नवऱ्यानं एखादी गोष्ट सरळ मागितली, असं बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी ऐकलेलं नव्हतं. चहा हवा असला की हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "तू तुझ्यासाठी टाकणारच असशील, तर अर्धा कप माझाही टाक." मी टाकणार नसले तर परत जाऊन बसतात आणि वाचून झालेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. ती सळसळ ऐकून शेवटी मलाच उठावं लागतं. भाजीवालीला म्हणतात, "मेथी उरली असेल तर द्या." सकाळी आठ वाजता मेथी उरेल कशी, हा प्रश्न त्या बाईलाही पडतो.

मला बघायला आले तेव्हाही तेच. सगळे जिना उतरून गेले आणि हे मागे थांबून मला म्हणाले, "तुम्हाला याहून बरं स्थळ आलं असेल, तर आमचा अजिबात आग्रह नाही." आली होती, दोन आली होती. एकानं माझा पगार विचारला होता आणि दुसऱ्यानं माझ्या चष्म्याचा नंबर. ते दोघं गळले, तेव्हा उरले हे.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला. तोही सोसायटीच्या नव्हे, विधान परिषदेच्या.

आमच्याकडे पदवीधरांचा एक वेगळा मतदारसंघ असतो. त्यात फक्त पदवी घेतलेल्यांनी मत द्यायचं, आणि त्यासाठी दर निवडणुकीला नव्यानं नाव नोंदवायचं. मागच्या खेपेला नोंदवलं होतं म्हणून या खेपेला चालत नाही. पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, सही करा, नेऊन द्या. एवढं कोण करतं? हे करतात. कोथरूडच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घडीचं टेबल मांडून लोकांचे अर्ज भरून देत बसला. जुने विद्यार्थी यायचे, त्यांच्या बायका यायच्या, टक्कल पडलेले विद्यार्थी आपल्या पदवीधर मुलींना घेऊन यायचे. त्यातलाच कोणीतरी म्हणाला, "सर, तुम्हीच उभे राहा ना." हे तीन दिवस त्यावर हसले आणि चौथ्या दिवशी उमेदवारी अर्ज घेऊन आले. माझी हरकत होती, पण मी ती नोंदवेपर्यंत अर्ज दाखल झालेला होता.

"निवडून यायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"छे गं. ते कसं शक्य आहे? चौतीस उमेदवार आहेत, त्यात दोन तर मोठ्या पक्षांचे." मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त शेवटचा येऊ नये, एवढंच आहे."

"आलात शेवटचे तर काय आभाळ कोसळणारे?"

"सहावीत मी शेवटचा आलो होतो. तेव्हा निकाल वर्गात मोठ्यानं वाचायचे, आणि शेवटचं नाव वाचलं की सगळा वर्ग हसायचा. मास्तरही हसले. मी पुढं गणिताचा शिक्षक झालो, पण ते हसणं काही गेलं नाही."

ही गोष्ट मला बेचाळीस वर्षांत सांगितली नव्हती. मी कधी विचारली नव्हती म्हणून, दुसरं काय. त्यानंतर मी टोमणे मारायचे थांबवले असं नाही, पण मनातून वाटू लागलं, की या माणसाला निदान तेहेतिसावा नंबर मिळावा.

या निवडणुकीत बटण नसतं. कागदावरची भलीमोठी मतपत्रिका असते, आणि तिच्यावर नावांपुढे आपल्या पसंतीचे आकडे घालायचे असतात. पहिली पसंती कोण, दुसरी कोण, तिसरी कोण. हे पार्किंगमध्ये फळा लावून शिकवायचे, "हापूस मिळाला तर हापूस. नसला तर पायरी. तीही नसली तर केशर. बाजारात जाणाऱ्या माणसाला आपण असंच सांगतो की नाही? तसंच आहे हे." आधी फक्त पहिल्या पसंतीची मतं मोजतात. अर्ध्याहून जास्त कोणाला मिळाली तर तो निवडून आला. नाही मिळाली, तर सगळ्यात कमी मतं असलेल्या उमेदवाराला बाद करतात, त्याच्या मतपत्रिका उघडून त्यांवरची दुसरी पसंती बघतात आणि ज्याची त्याच्या गठ्ठ्यात टाकतात. मग खालून दुसरा बाद, मग तिसरा, असं करत करत शेवटी दोघं उरतात. मी मागे उभी राहून ऐकत होते. आमचं लग्नही याच पद्धतीनं ठरलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता हा नियम ज्याला समजला, त्याला हेही समजायला हवं की तुमच्या नावापुढे ढीगभर लोकांनी दोनचा आकडा घातला आणि एकचा कोणी घातलाच नाही, तर तुम्ही पहिल्याच फेरीत घरी. ते ढीगभर दोन कोणी मोजतसुद्धा नाही. यांना हे पुरेपूर माहीत होतं. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायचे. आणि तरीही यांचं प्रचारपत्रक छापून आलं, त्यात वर पासपोर्ट फोटो, कोणीतरी नुकतंच यांच्यावर रागावल्यासारखा, आणि खाली मजकूर असा : "आपली पहिली पसंती आपण ठरवलेली असेलच. दुसऱ्या पसंतीसाठी माझा विचार व्हावा, ही नम्र विनंती."

मी ते पत्रक दोनदा वाचलं.

"अहो, हे काय? दुसरी कशाला मागताय? तुम्हीच तर शिकवता की तिचा उपयोग नाही म्हणून!"

"नियम मला माहीत आहे," हे म्हणाले. "पण एखाद्याच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडावर, मला पहिला नंबर द्या म्हणायचं? कसं दिसतं ते? प्रत्येकाचा कोणी ना कोणी ठरलेला असतो. आपण मध्ये कशाला जायचं?"

"निवडणूक म्हणजे मध्येच जायचं असतं."

"असेल," म्हणाले, आणि पत्रकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करू लागले.

बरं, लोकांना ही कल्पना फारच आवडली. कोथरूडमध्ये दारावर आलेल्या उमेदवाराला आत बोलवायची पद्धत नाही. यांना मात्र आत बोलवून सरबत मिळालं, कारण हे काही मागतच नव्हते. "वा सर, दुसरा तुम्हालाच!" असं प्रत्येक जण मोठ्या मनानं म्हणायचा. बिबवेवाडीला यांच्या एका विद्यार्थ्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यानं दुकानात पाटी लावली, "सरांना दुसरी पसंती द्या." संध्याकाळी हे घरी येऊन मोठ्या समाधानानं सांगायचे, की आज सत्तर जणांनी शब्द दिला. मी टेलिफोन खात्यात जन्मभर तक्रारी ऐकून घेण्याचं काम केलं. माणसाचा आवाज ऐकून तो खरं किती बोलतोय ते मला कळतं. दुसरी पसंती द्यायचं कबूल करणारे सगळेच्या सगळे खरं बोलत होते. तीच तर अडचण होती.

दोन्ही मोठ्या पक्षांची माणसंही येऊन गेली. लढत त्या दोघांतच होती आणि फार अटीतटीची होती. एका बाजूचे गृहस्थ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, आपले जे पहिल्या पसंतीचे मतदार आहेत, त्यांना दुसरी पसंती आमच्या साहेबांना द्यायला सांगा."

"माझे पहिल्या पसंतीचे मतदार?" हे खरोखरच गोंधळले. "ते मी मागितलेलेच नाहीत हो."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चहा न घेताच गेले. विचारलाही नव्हता म्हणा.

आणि मग एका दुपारी ती बाई आली. पस्तिशीची असेल, उन्हानं लाल झालेली, खांद्याला कापडी पिशवी. लोणी काळभोरची होती, घरी शेती, स्वतः एका कॉलेजात शिकवणारी, आणि अपक्ष उमेदवार. आमच्या दारावर यांचं पत्रक चिकटवलेलं होतं, ते तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

"नमस्कार काकू. मी या निवडणुकीत उमेदवार आहे. आपलं पहिल्या पसंतीचं मत मागायला आले आहे," ती पुस्तकी मराठीत म्हणाली.

"दारावरचं वाचलंत ना? उमेदवार याच घरात राहतो."

"वाचलं की." आता ती मोकळी झाली, आणि बोलणंही बदललं. "पर सर तर समद्यांकडं दुसराच मागत्यात. मग काकू, तुमचा पयला मोकळाच हाय की!"

मला हसू आलं. "दुसरा चालणार नाही का तुम्हाला?"

"दुसऱ्यासाठी लोणीवरनं हितपत्तर कोन यील, ह्या उनाचं? मला पयलाच पायजे. न्हाई दिला तर न्हाई दिला, पर मागनार पयलाच."

मी तिला आत घेतलं, पन्हं दिलं. ते पिऊन पेला स्वतः विसळून ठेवून ती गेली. आणि मी दाराशी तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. मला हवंय, द्या. इतकं सोपं असतं ते? आमच्या घरात सगळं वळणावळणानं चालतं. यांना काय हवंय ते यांच्या सळसळीवरून, खाकरण्यावरून, अर्धवट सोडलेल्या वाक्यांवरून ओळखायचं. जन्मभर तक्रारी ओळखायची नोकरी केली आणि घरी येऊन पुन्हा तेच.

थोड्या वेळानं हे आतून आले, गालाला साबण तसाच. "कोणी आलं होतं का?"

"मत मागायला आलेली एक."

"बरं," म्हणाले आणि परत आत गेले.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून जवळच्या शाळेत गेलो. हातात ती मतपत्रिका आली, एखादं छोटं टेबल झाकेल एवढी. सोबत जांभळ्या शाईचा पेन. आपला पेन चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सही तर मुळीच चालत नाही. आडोशाला जाऊन मी नावं वाचत खाली आले. यांचा फोटो दिसला, तोच, नुकताच ओरडा खाल्ल्यासारखा चेहरा. तिथं पेन टेकवला आणि थांबले. मागायचा तर दुसराच मागितलाय ना? छापून मागितलाय. शब्दाला जागायचं तर दुसराच द्यायला हवा, असं मी स्वतःशी म्हटलं. यात थोडा राग होता, नाही म्हणत नाही. बेचाळीस वर्षांच्या त्या अर्ध्या कपाचा. मी लोणीच्या बाईपुढे एक घातला, यांच्यापुढे दोन घातला, घडी करून पेटीत टाकली. तेवढ्या एका मतानं काय होणार होतं?

"झालं?" यांनी बाहेर विचारलं.

"झालं. तुमचं?"

"झालं."

मतमोजणी गावाबाहेरच्या एका मोठ्या गोदामात होती. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. पहिला दिवस नुसता गठ्ठे बांधण्यात आणि बाद मतं वेगळी काढण्यात गेला. पदवीधरांनी मतपत्रिकेवर काय काय लिहून ठेवलं होतं! एकानं रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी चार ओळी लिहून खाली पदवीसकट सही ठोकली होती. हे जाळीच्या अलीकडून हळहळत होते, "अरे, फळ्यावर शिकवलं होतं रे!" संध्याकाळी आम्ही घरी येऊन झोपलो आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठांचा डबा घेऊन पुन्हा हजर झालो.

अकराच्या सुमाराला माइक खरखरला. पहिल्या पसंतीची मोजणी पूर्ण झाली, आवश्यक मतं कोणालाही मिळालेली नाहीत, दोन्ही मोठे उमेदवार अगदी जवळजवळ आहेत, आता सर्वांत कमी मतं असलेल्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका उघडण्यात येत आहेत. आणि मग यांचं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. सदतीस मतं.

हे उभे राहिले. का राहिले ते देव जाणे. वर्गात नाव पुकारलं की उभं राहायचं, तसे उभे राहिले आणि सगळ्या गोदामाकडे बघत हात जोडले. कोणीही हसलं नाही. एका मोजणी करणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली, मग आणखी दोघातिघांनी. हे खाली बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मी फलकाकडे पाहिलं. शेवटून पहिले हे, सदतीस. शेवटून दुसरी लोणीची बाई, अडतीस.

एक मत. गणित यांचं चांगलं आहे, पण एवढं गणित मलाही येत होतं. माझा एक इकडे असता, तर हे अडतीस आणि ती सदतीस. शेवटचा येऊ नये, एवढीच तर या माणसाची इच्छा होती, आणि तीही मागितली नव्हती, नुसती सांगितली होती. मला स्वतःची लाज वाटली. समोरून ती बाईच येताना दिसली तेव्हा तर पळून जावंसं वाटलं.

"सर, एका मतानं वाचले बगा," ती यांना म्हणाली आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याचे तीन भाग केले. यांनी उठून तिचं अभिनंदन केलं. अगदी मनापासून, जसं काही तीच निवडून आली होती. मी यांच्या मागे सरकले. काकूंचं मत मला, असं काही बोलून जाते की काय! पण तिनं नुसता माझा हात दाबला. पाऊण तासानं तिचंही नाव पुकारलं आणि ती पिशवी उचलून लोणीला गेली.

त्याआधी यांच्या सदतीस मतपत्रिका उघडल्या गेल्या. कर्मचारी एकेक उलगडून दुसऱ्या पसंतीचं नाव वाचत होता. चार-पाच नावं वाचली आणि मग म्हणू लागला, "पुढे कोरी." पुन्हा, "कोरी." पुन्हा, "कोरी." सदतीसपैकी सव्वीस जणांनी यांच्यापुढे एक घातला होता आणि बाकी सगळी मतपत्रिका तशीच सोडून दिली होती.

"यांना नियम समजला नाही की काय?" हे अस्वस्थ झाले.

"समजला चांगला," मी म्हटलं. "त्यांना दुसरं कोणी नको होतं."

हे बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेवटी दोन मोठे उरले आणि त्यांतला एक एकोणीस मतांनी निवडून आला. पाच जिल्ह्यांची मतं मोजून एकोणीस! दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. हरलेल्या बाजूचे ते पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ होते. इस्त्री मोडली होती.

"सर, ते सव्वीस कोण आहेत?" ते दारातूनच म्हणाले. "त्यांनी पुढचा आकडा घातला असता, तर आज आमचे साहेब..."

"मलाही तेच शोधायचंय," हे कळकळीनं म्हणाले. "सापडले तर कळवतो."

आणि खरंच शोधायला लागले. फुलस्केप वही आणली, समास आखला आणि गॅलरीत बसून यादी सुरू केली. न मागता ज्यांनी पहिली पसंती दिली, त्या सदतीस जणांचे आभार मानायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे आले, "सर, आमच्या घरचे चारही तुम्हाला पहिले." त्यांची धाकटी अजून दुसऱ्या वर्षाला आहे. समोरच्या इमारतीतले निवृत्त अधिकारी आले, "गुप्त असतं, पण तुम्हाला म्हणून सांगतो." त्यांचं नाव यादीत नव्हतं म्हणून मतदानाच्या दिवशी त्यांनी केंद्रावर केवढा तमाशा केला होता, तो आम्ही दोघांनी पाहिलेला. बिबवेवाडीचा दुकानदार तर पेढे घेऊन आला. पाच दिवसांत सदतीस लोकांच्या यादीत बावन्न नावं झाली.

"अहो, यातले निम्मे खोटं बोलतायत," मी सांगितलं. "आवाजावरून कळतं मला."

"मलाही कळतं. आकडेच सांगतात ना." हे वहीवरून हात फिरवत होते. "असू दे. खोटं बोलायला का होईना, जिना चढून आले."

हे आंघोळीला गेले तेव्हा मी ती वही उघडली. पाठ केलेल्या धड्यासारखं सुंदर अक्षर. पहिल्याच ओळीवर, एक आकडा घालून, लिहिलं होतं "सौ." एवढंच. न विचारता. बाकी सगळ्यांच्या नावापुढे त्यांनी सांगितल्याची तारीख होती, माझ्यापुढे ती नव्हती, कारण मला विचारायची गरजच वाटली नव्हती. यांचं स्वतःचं नाव मात्र पूर्ण यादीत कुठे नव्हतं. तेही यांच्या संकोचाला धरूनच, असं मला वाटलं. मी वही मिटली. दिवसभर मी काही ना काही आपटत होते. डबे, झाकणं, कपाटाचं दार.

दुपारी चारला मी गॅलरीत जाऊन समोर खुर्ची ओढून बसले.

"त्या वहीतलं पहिलं नाव खोडा."

यांनी वर पाहिलं.

"मी पहिला तुम्हाला नाही दिला. लोणीच्या त्या बाईला दिला. तुम्हाला दुसरा दिला. तुम्ही तोच मागितला होतात म्हणून दिला, आणि थोडा रागानंही दिला. ती दारात उभी राहून सरळ मागत होती हो. आणि मग तो एकच कमी पडला, आणि तुम्ही शेवटचे आलात. पाच दिवस घशाखाली घास उतरत नाहीये माझ्या." शेवटी शेवटी मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही मला राग येत होता.

यांनी वही उघडली, पट्टी घेतली आणि माझ्या नावावर पट्टीनं सरळ रेघ मारली. गणिताच्या शिक्षकाला हातानं खोडवत नाही. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "माझं नाव यात नाही, ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"ती आली तेव्हा मी आत दाढी करत होतो. शब्दन् शब्द ऐकू येत होता. तुमचा पहिला मोकळाच आहे, म्हणाली. हिशेब अगदी बिनचूक होता तिचा." हे गॅलरीच्या कठड्याकडे बघत होते. "मतपत्रिका हातात आली आणि स्वतःच्या नावापुढे एक घालायला हातच होईना. आपणच छापायचं, दुसरा द्या म्हणून, आणि आपणच मोडायचं? मीही तिला पहिला दिला."

मला समजायला दोन क्षण लागले. म्हणजे तिच्या अडतीसपैकी दोन आमच्या घरातले. आम्ही दोघांनी नीट मत दिलं असतं, तर हे एकोणचाळीस आणि ती छत्तीस. शेवटचा नंबर आम्ही नवरा-बायकोंनी एकाच स्कूटरवरून जाऊन आणला होता. मी हसायला लागले, मग हेही हसले, आणि खालून जाणारे वरच्या मजल्यावरचे चौघंही थांबून वर बघायला लागले. त्यांना बघून तर आम्हाला आणखीच हसू आलं.

हसून झाल्यावर यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता चहाचं काढणार.

"पुढच्या वेळी," हे म्हणाले, "तुझा कोणी ठरला नसेल, तर..." आणि तिथंच थांबले. वही बाजूला ठेवली. माझ्याकडे सरळ बघितलं, आणि कान पुन्हा गोदामातल्यासारखे लाल झाले.

"मला तुझा पहिला नंबर हवा," म्हणाले.

पुढे काही जोडलं नाही. 'जमलं तर' नाही, 'हरकत नसेल तर' नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले. त्या दिवशी यांना पूर्ण कप दिला.